थंडी तोंडावर, पैसे मोजके: आधी काय, मग काय?

नवी_विटी

मंडळी, थंडी जवळ आली आहे आणि यंदा हात आखडता आहे. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि आठ महिन्यांचं बाळ. घर भाड्याचं. खिडक्यांना एकेरी काच, दाराखालून वारा, आणि ऐन थंडीत बाहेर पाणी गोठतं. भिंतीला भोक पाडायचं नाही अशी मालकांची अट आहे.

नवऱ्याचं म्हणणं, एक मोठा हीटर आणू आणि विषय संपवू. माझं म्हणणं, हीटरचे पैसे एकदाच द्यायचे, पण बिल दर महिन्याला येणार. माझा हीटरला विरोध नाही. जे थोडे पैसे आहेत ते आधी कशावर घालावेत, एवढंच ठरत नाहीये. कुठल्या कंपनीचा घेऊ हे विचारत नाहीये, क्रम विचारतेय.

मठ्ठ_कासव

नवऱ्याला सांगा, आधी दाराखालचा वारा अडवून दाखव, मग हीटर घेऊ. :)

(जागा धरून ठेवतोय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे.)

खटाटोप

क्रम विचारलात ते बरं केलंत. बहुतेक लोक हीटरपासून सुरुवात करतात आणि मग फटींतून सगळा मोहल्ला गरम करत बसतात.

माझा क्रम असा: फटी, खिडक्या, अंथरूण, माणूस, आणि शेवटी हीटर. कारण हीटर किती मोठा लागेल हे आधीच्या चार गोष्टींवर ठरतं. उलट क्रमाने गेलात तर गरजेपेक्षा मोठा हीटर घ्याल आणि तो रात्रभर चालवाल.

आधी फटी, कारण त्यांना पैसे जवळपास लागतच नाहीत. तुमच्या दाराचा हिशेब करा. दार ९० सेंटीमीटर रुंद आणि खाली १ सेंटीमीटर फट, म्हणजे ९० चौरस सेंटीमीटर. भिंतीत साडेनऊ सेंटीमीटर लांबी-रुंदीचं चौकोनी भोक असतं तर आपण ते एक रात्र तरी उघडं ठेवलं असतं का? फट लांबट असते म्हणून डोळ्यांवर येत नाही, इतकंच.

वारा सुटलेला असेल अशा दिवशी दारं-खिडक्या बंद करा आणि उदबत्ती पेटवून घरभर फिरा. खिडकीच्या चौकटीभोवती, सरकत्या काचा एकमेकींवर येतात त्या जागी, एक्झॉस्ट फॅनपाशी, पाइप आणि वायरी भिंतीतून आत येतात तिथे, माळ्याच्या झाकणापाशी. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला की तिथे खडूने खूण करा. पडदे तेवढे बाजूला धरा.

एक गोष्ट सहसा राहून जाते. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या फटींतून निघून जाते. तिच्या जागी खालच्या फटींतून गार हवा आत येते. खालचा वारा पायाला झोंबतो म्हणून तो कळतो. वरच्या फटीपाशी हात धरला तर काहीच लागत नाही, कारण तिथे हवा बाहेर चाललेली असते. म्हणून नुसत्या खालच्या फटी बुजवून थांबू नका, स्टूल घेऊन वरही उदबत्ती फिरवा.

आणि एक अपवाद, तो डोक्यात पक्का बसवा: गॅस, शेगडी, गॅस गिझर, काहीही जळणारं ज्या खोलीत आहे तिथला झरोका किंवा जाळी बुजवायची नाही. कितीही वारा येवो.

शिलाई_मशीन

खटाटोप यांच्या क्रमाशी सहमत. दाराखालच्या फटीसाठी बाजारात जायची गरज नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, आत चिंध्या ठासून भरा, मधे मधे थोडी कोरडी वाळू घाला म्हणजे वजन येतं आणि दार उघडताना सरकत नाही. नुसत्या चिंध्यांचा केला तर हलका होतो, वाऱ्यानेच मागे ढकलला जातो. लांबी दारापेक्षा चार बोटं जास्त ठेवा. वाळू आधी वेगळ्या पातळ पिशवीत शिवून मग आत घाला, नाहीतर शिवणीतून झिरपत राहते आणि झाडू मारून जीव जातो.

खिडक्या-दारांच्या चौकटीला लावायची फोमची पट्टी मिळते, ती मात्र विकत घ्या. ती घेताना जाडीचा घोळ होतो. जाड घेतली तर दाराची कडी लागत नाही, पातळ घेतली तर फट तशीच. मुलांची खेळायची मऊ माती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीवर ठेवा, दार लावा, उघडा. मातीची जेवढी चपटी वडी झाली तेवढी तुमची फट. पट्टी त्याहून किंचित जाड घ्यायची, दाबली की बरोबर बसते. आणि चिकटवण्याआधी चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर लावलेली पट्टी आठवड्यात लोंबायला लागते.

ही कामं कडाका पडायच्या आधी उरका. गार, दमट चौकटीवर गोंद धरत नाही.

उबदार_कोपरा

एवढा खटाटोप (नाव नव्हे :) ) करण्यापेक्षा तेलाचा हीटर घ्या. कॉइलवाल्यापेक्षा वीज निम्मी लागते. आमच्याकडे वर्षानुवर्षं तोच आहे.

अर्धा_अँपिअर

निम्मी वीज हे खरं नाही हो. कॉइल असो, तेलाचा असो, पंख्याचा असो, विजेच्या साध्या हीटरमध्ये जेवढी वीज जाते तेवढी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास, सगळ्यांत सारखीच. वेगळी आहे ती उष्णता देण्याची तऱ्हा. कॉइलवाला समोरच्या माणसाला थेट शेकतो, लगेच. तेलाचा तापायला वेळ घेतो, बंद केल्यावरही काही वेळ ऊब देत राहतो आणि त्याचा थर्मोस्टॅट मधे मधे वीज तोडतो. त्या वेळी बिल थांबलेलं दिसतं, पण तेव्हा खोली तेवढी तापलेली असते म्हणूनच. गळकी खोली असेल तर थर्मोस्टॅटला तोडायची संधीच मिळत नाही.

खरी निम्म्याहून कमी वीज लागते ती गरम-थंड दोन्ही करणाऱ्या एसीला, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. साधारण थंडीत १ युनिट विजेत ३ युनिटच्या आसपास उष्णता मिळते. बाहेर फार गारठलं की हे प्रमाण घसरतं. घरात तसा एसी आधीपासून असेल तर रिमोटवर गरम हवेचं बटण आहे का ते आधी बघा. पुष्कळांना ते असल्याचं माहीतच नसतं. नसेल तर एवढ्यासाठी नवा घ्या असं कमी बजेटवाल्याला मी सांगणार नाही.

उबदार_कोपरा

बरं, निम्मी नसेल. पण मंद आचेवर दिवसभर चालू ठेवला की स्वस्त पडतो, हे तरी खरं ना? पुन्हा पुन्हा थंड खोली तापवायला जास्त वीज लागते.

अर्धा_अँपिअर

तेही नाही. घरातून उष्णता किती वेगाने गळते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ८ अंश, आत २०, फरक १२. आत १८ ठेवलं तर फरक १०, म्हणजे गळती सहाव्या हिश्शाने कमी. घर रिकामं असताना गार होऊ दिलं की तेवढा वेळ गळती कमी होते. परत तापवायला लागते ती वीज त्या वाचलेल्या विजेपेक्षा जास्त कधीच नसते. बाहेर जाताना बंद करा, परत आल्यावर लावा.

तुमचा मीटरच साक्षीदार आहे. इतर सगळं बंद करून संध्याकाळी आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा. एक रात्र हीटर लावून, एक रात्र न लावता.

भाडेकरू_जन्माचा

खिडक्यांवर कोणी बोललं नाही अजून, म्हणून माझा विषय.

एकेरी काचेतून उष्णता किती जाते याचा अंदाज द्यायचा तर: दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण ५ ते ६ वॉट. दीड चौरस मीटरची खिडकी आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक धरला तर सव्वाशे वॉटच्या आसपास. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे एकेक खिडकी खोलीतल्या एकेका माणसाची ऊब गिळते.

दुहेरी काच बसवणं भाड्याच्या घरात होणार नाही. पण दुहेरी काचेत काम करते ती मधली कोंडलेली हवा, आणि हवा कोंडायला काचच हवी असं नाही. पार्सलमध्ये येतो तो बुडबुड्यांचा प्लॅस्टिक कागद जपून ठेवा. काच पुसून घ्या, पाण्याचा हलका फवारा मारा, बुडबुड्यांची बाजू काचेकडे करून दाबा. गोंद नाही, खिळा नाही, थंडी संपली की ओढून काढा, डाग राहत नाही. बाहेरचं स्पष्ट दिसत नाही, पण उजेड येतो. मी न्हाणीघराच्या आणि मागच्या खोलीच्या खिडक्यांना लावतो; बसायच्या खोलीत दिसायला बरं दिसत नाही म्हणून तिथे खिडकीच्या पूर्ण चौकटीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक, दुहेरी चिकटपट्टीने ताणून. काच आणि प्लॅस्टिकमध्ये बोटभर अंतर राहिलं पाहिजे, चिकटून बसलं तर उपयोग नाही. सगळ्या खिडक्या मात्र अशा बंद करून टाकू नका. बाहेर पडायची वेळ आली तर एक तरी पटकन उघडता आली पाहिजे.

शिलाई_मशीन

आणि पडदे. जाड पडदा लावला म्हणजे झालं असं नाही, तो कसा लटकतो ते बघा. काचेला लागून हवा गार होते, जड होते, खाली घसरते आणि पडद्याच्या खालच्या कडेने खोलीत ओतली जाते. वरून गरम हवा पडद्यामागे शिरते, परत गार होते. हे चक्र रात्रभर चालतं. म्हणून पडदा खाली जमिनीला किंवा खिडकीच्या कठड्याला टेकलेला हवा आणि वर दांडीवर एखादी फळी किंवा घडी केलेलं जाड कापड टाकून तोंड बंद हवं. बाजूंना भिंतीशी चिकटपट्टी लावली तर उत्तमच.

नवे पडदे घेऊ नका. आहेत त्यांना मागून जुनी सोलापुरी चादर असो की फाटकं ब्लँकेट, अस्तर म्हणून टाका. वरच्या शिवणीत टाका घातला की पुरे, उन्हाळ्यात उसवून काढता येतं. दिवसा ज्या खिडकीत ऊन येतं तिथले पडदे सताड उघडा आणि ऊन उतरायच्या आत ओढा. अंधार पडेपर्यंत थांबायचं नाही.

नवी_विटी

काय काय सांगताय सगळे! उदबत्ती घेऊन फिरले. दारापेक्षा मोठा चोर एक्झॉस्ट फॅन निघाला, त्याच्या पात्यांमागचं झाकण अर्धं उघडंच राहतं. आणि नवरा स्टूलवर चढला तेव्हा माळ्याच्या झाकणापाशी धूर अक्षरशः आत ओढला गेला. आता तोच सगळ्यांना दाखवतोय.

दोन शंका. बाळाचे कपडे रोज घरातच वाळवावे लागतात आणि मागच्या हिवाळ्यात कपाटामागे भिंतीला काळी बुरशी आली होती. आता फटी बुजवल्या तर ती वाढणार नाही का? दुसरं, सासूबाईंना म्हणावी तशी थंडी वाजत नाही म्हणतात, पण हात बर्फासारखे असतात. त्यांना गरम पाण्याची पिशवी दिली तर चालेल ना?

खटाटोप

बुरशीची शंका रास्त आहे, आणि फटी बुजवणाऱ्या प्रत्येकाने ती विचारली पाहिजे.

कपड्यांच्या एका धुण्यातून वाळताना दोनेक लिटर पाणी हवेत जातं. गॅस जळतानाही पाणी तयार होतं: १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त. त्यात आपला श्वास, अंघोळ. ही सगळी वाफ घरातल्या सगळ्यात गार जागी जाऊन बसते, म्हणजे काच आणि बाहेरच्या भिंतीचा कोपरा. कपाट भिंतीला चिकटवलं की मागे ऊब पोचत नाही, भिंत गार राहते, दव धरतं, बुरशी येते.

फट उघडी ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण फटीतून चोवीस तास ऊब जाते आणि दमट हवा हवी तेव्हा जात नाही. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा आणि परत घट्ट लावा. एवढ्यात हवा बदलते. भिंती, फरशी, सामान यांत साठलेली ऊब मात्र टिकते. खिडकी दिवसभर बोटभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. कपडे एकाच खोलीत वाळवा, तिचं दार लावा, तिथली खिडकी उघडा. पिळून घेतलेलं पाणी म्हणजे वाचलेली वीज, म्हणून धुण्याच्या मशीनमध्ये शेवटचं पिळणं दोनदा फिरवा. अंघोळ झाली की न्हाणीघराचं दार लावून पंखा चालवा. त्या फॅनचं झाकण साफ करून तेल द्या, बहुतेक नुसतं मळलेलं असतं. बंद असताना नीट मिटलं पाहिजे, पण कायमचं चिकटवून टाकू नका.

कपाट भिंतीपासून हातभर नको, चार-पाच सेंटीमीटर पुरे. शक्य असेल तर आतल्या भिंतीला हलवा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र तापमानही दाखवतं आणि महाग नसतं. पैसे उरले तर ते घ्या. ४० ते ६० टक्के ठीक. सतत ६०च्या वर जात असेल तर खिडक्या उघडायची वेळ वाढवा.

गोळी_औषध

नर्स आहे, म्हणून सासूबाई आणि बाळाबद्दल मी लिहिते.

आजींना थंडी "वाजत नाही" हीच काळजीची गोष्ट आहे. वय वाढलं की थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणंही कमी होतं. म्हणून त्या काय म्हणतात त्यावर जाऊ नका, त्यांच्या खोलीत थर्मामीटर लावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांत थंड हवामानात घरातलं तापमान १८ अंश सुरक्षित धरलं आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी यांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. सगळं घर १८ ठेवणं परवडत नसेल तर आजी आणि बाळ जिथे असतात ती एक खोली ठेवा. बोलणं जड येणं, हातातून वस्तू निसटणं, गोंधळल्यासारखं वागणं, अवेळी गुंगी, असं काही दिसलं तर "थकल्या असतील" म्हणू नका. शरीराचं आतलं तापमान ३५च्या खाली गेलं की तो हायपोथर्मिया, तिथे दवाखानाच.

गरम पाण्याची पिशवी द्या, पण उकळतं पाणी नको, आणि पिशवीला कापडी खोळ हवीच. मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी असेल तर पिशवी अंगाला लावून झोपू देऊ नका. भाजलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते. सगळ्यात चांगलं म्हणजे झोपायच्या अर्धा तास आधी पांघरुणात ठेवायची आणि त्या झोपायला आल्या की काढून घ्यायची.

बाळ वर्षाच्या आतलं आहे, त्याला सुटं जाड पांघरूण घालू नका. तोंडावर येऊ शकतं. पूर्ण बाह्यांच्या कपड्यांचे थर घाला, वर अंगात घालायची झोपायची पिशवी. झोपेत टोपीही नको, डोक्यावाटे बाळ जास्तीची उष्णता सोडतं. मान आणि छाती हाताने बघा. हात-पाय गार असले तरी छाती गरम असेल तर बाळ ठीक आहे; मान घामेजली असेल तर एक थर काढा.

आणि काहीही झालं तरी कोळशाची शेगडी बंद खोलीत नाही. निखारे धुमसत नसले तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच असं होत असेल तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, मग कारण शोधा.

मठ्ठ_कासव

हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय. चेष्टा नाही.

अर्धा_अँपिअर

हीटर शेवटी का होईना घेणारच असाल तर तारांचं बोलून घेतो. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. चार्जर आणि दिवे लावायचा छोटा सॉकेट त्यासाठी नाही, आणि लांबवलेल्या वायरीवर तर नाहीच. मोठ्या सॉकेटमध्ये थेट लावा. पहिल्या तासाभराने प्लगला हात लावून बघा. हाताला चटका बसेल इतका तापला असेल तर सॉकेट सैल आहे, बदलून घ्या. पडदे, गादी, वाळत घातलेले कपडे यांपासून १ मीटर लांब. हीटरवर कपडे वाळवणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून लिहितोय.

आता हिशेब. रात्री आठ तास २००० वॉटचा हीटर न थांबता चालला तर १६ युनिट. १०० वॉटचं विजेचं अंथरूण आठ तास चाललं तर ०.८ युनिट. वीसपट. मोठ्या माणसांसाठी रात्री हीटरपेक्षा हे बरं. झोपायच्या आधी अंथरूण तापवून बंद केलं तर अजून कमी. मात्र ते घड्या घालून ठेवायचं नाही, आतली तार तुटते. बाळाखाली अजिबात नाही. आजींनाही गोळी_औषध म्हणतात त्याच नियमाने.

तुमच्या यजमानांनाही वाईट वाटायला नको: छोटा, थर्मोस्टॅटवाला हीटर त्या एका खोलीसाठी घ्या. सगळ्या घरासाठी मोठा नको.

गोधडीवाली

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. पांघरुणाबद्दल सगळे वरचं बोलतायत, खालचं कोणीच नाही. आपण झोपतो तिथे अंगाच्या वजनाने गादी दबते, आतली हवा निघून जाते आणि ऊब खाली फरशीत जाते. दोन पांघरुणं असतील तर त्यातलं एक अंगाखाली घ्या आणि फरक बघा. फरशीवर झोपत असाल तर आधी पुठ्ठे, मग सतरंजी, मग गादी. मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे फुकट मिळतात आणि त्यांच्या लाटांमध्ये हवा असते.

पांघरुणांचा क्रमही असतो. अंगाला मऊ सुती, त्यावर फुगीर रजई, आणि सगळ्यात वर घट्ट विणीची चादर. चादर हवा अडवते, रजई हवा धरून ठेवते. वर जड ब्लँकेटांचा ढीग केला की खालची रजई दबते आणि जास्त ओझ्यात कमी ऊब मिळते.

जुनी रजई गोळे झालेली असेल तर टाकू नका. कापूस पिंजून परत भरून घेतला तर नवीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. निदान दोन दिवस कडक उन्हात टाका आणि काठीने झोडा. दमट कापूस कधीच उबदार होत नाही.

शिलाई_मशीन

गोधडीवाली, +१. त्याला जोडून: लोकरीचे कपडे काढताना आधी कसरीची भोकं बघा आणि उन्हात द्या. डांबरगोळ्यांत ठेवलेलं पांघरूण थेट बाळाला कधी घालू नये. धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवून मगच.

गोळी_औषध

हो, आणि हे फक्त वासापुरतं नाही. G6PD नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बहुतेकांची ही तपासणी झालेलीच नसते. बाळाच्या कपाटात गोळ्या ठेवूच नका.

भाडेकरू_जन्माचा

पाणी गोठतं म्हणालात, तर पाइप विसरू नका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. दुरुस्तीचा खर्च हीटरपेक्षा मोठा. बाहेरून आणि गच्चीवरून जाणाऱ्या उघड्या पाइपांना फोमची नळी घाला किंवा जुन्या चिंध्या गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधा, कारण चिंध्या भिजल्या की उलट गारवा धरतात. कडाक्याच्या रात्री लांबच्या नळाची बारीक धार सोडून ठेवा. मुख्य नळ कुठे बंद होतो हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूकडून हेअर ड्रायरने गरम करत मागे जा. ज्योत लावायची नाही.

नवी_विटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलं ते असं. मागची खोली थंडीपुरती बंद, तिच्या दाराला जीन्सचा पाय. मधल्या खोलीत सगळे झोपणार, तिलाच सकाळचं ऊन आहे. पट्टी, प्लॅस्टिक, पाइपांची नळी आणि थर्मामीटर हे विकत. पडद्याचं अस्तर, पुठ्ठे, चिंध्या घरातले. रजई पिंजायला दिली. उरलेल्या पैशांत छोटा हीटर, तोही महिनाभर थर्मामीटर बघून मग. नवरा "छोटा" वर अडला होता, त्याला १६ युनिटांचा हिशेब वाचून दाखवला.

एक शेवटचं. ही दुहेरी चिकटपट्टी आणि फोमची पट्टी काढताना रंग उखडला तर मालक अनामत कापतील. काही उपाय?

भाडेकरू_जन्माचा

हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, गोंद मऊ होतो, मग एका टोकापासून भिंतीला जवळजवळ समांतर ओढत काढा, सरळ बाहेर नाही. उरलेला चिकटपणा खाद्यतेल लावलेल्या फडक्याने निघतो, मग साबणाच्या पाण्याने पुसायचं. आणि आत्ताच, लावायच्या आधी, चौकटींचे फोटो तारखेसकट काढून मालकांना पाठवून ठेवा.

शिलाई_मशीन

चौकटीचा रंग आधीच पोपडे धरत असेल तर पट्टी रंगावर लावूच नका. खालच्या लाकडावर किंवा चौकटीच्या आतल्या खाचेत लावा. तिथे दिसतही नाही.